डावी रांग

मालवण,
२८ ऑगस्ट १९६१

प्रिय सुगंधा,

पाकिटावरचे अक्षर तू ओळखले असशील. रत्नागिरीच्या ट्रेनिंग कॉलेजात माझ्या टिपणवह्या तू दोन वर्षे उतरवून घेतल्यास, तेव्हा ते विसरणे तुला शक्य नाही. साडेतीन वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिले नाही आणि तुझ्या दोन पत्रांना उत्तरही दिले नाही. कामात होते असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल एक संशय होता आणि तो घेऊन गोड पत्र लिहिणे मला जमेना.

आधी इकडचे सांगते. नारळी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले. किनाऱ्यावर होड्यांना तेल लावणे चालू आहे आणि शाळेच्या पडवीतून समुद्र पुन्हा निळा दिसू लागला आहे. पडवी अजून गळते. माझे केस कानांवर पांढरे झाले. पेज मात्र अजून तशीच गरम पिते आणि जीभ पोळून घेते. चतुर्थीनंतर मुंबईची बोट पुन्हा सुरू होईल आणि पहिल्याच बोटीने आपली मथुरा तिकडे जाणार आहे. गिरगावात कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला. तिच्या मामाने ठरवले आहे. मथुरा म्हणजे कोण हे आठवत नसेल तर तुझी हिरवी वही काढून बघ. तिथे ती एकवीस नंबरची मुलगी असेल.

त्या वर्षी, सत्तावन सालच्या दिवाळीनंतर, तू बोटीतून उतरलीस तेव्हा मला किती आनंद झाला होता ते आज लिहायलाही संकोच वाटतो. चाळिशीला टेकलेली माझी मैत्रीण पुन्हा विद्यार्थिनी झाली होती, मानसशास्त्रात मोठी पदवी घेणार होती, आणि त्यासाठी तिला अख्ख्या मुंबईत नाही ती शाळा माझ्या कोळीवाड्यात सापडली होती. तुझ्या ट्रंकेत दोन मोठ्या काचेच्या बाटल्या होत्या, एकीच्या बुचाला तांबडे फडके, दुसरीच्या पांढरे. एकीत स्मरणशक्तीचे औषध, दुसरीत नुसते चवीचे पाणी. चव आणि रंग दोन्हींना सारखाच, म्हणजे मुलांना ओळखू येऊ नये. तू रात्री जेवताना मला हे समजावलेस आणि मी कालवण वाढायची थांबून ऐकत राहिले. एका गटाला द्यायचे, दुसऱ्याला दिल्यासारखे करायचे, आणि देणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही की कुठले खरे. मला वाटले, किती प्रामाणिक विद्या आहे ही. माणूस स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

मुलांची स्मरणशक्ती मोजायला तू वीस शब्दांची यादी आणली होतीस. तू वाचायची, मुलांनी ऐकायचे, मग आठवतील तितके सांगायचे. पहिल्या दिवशी तू ‘सफरचंद’ म्हणालीस आणि मागच्या बाकावरून शिवाने विचारले, “ता खंयचा म्हावरा, बाई?” सफरचंद म्हणजे त्याला कुठला तरी मासा वाटला, आणि तू इतकी हसलीस की तुझा चश्मा पडला. ते सगळे शब्द काढून टाकून आपण दोघींनी नवी यादी केली. होडी, कुर्ली, वल्हे, काथ्या, माड, शिंपला. त्या यादीतले वीसच्या वीस शब्द, सांगितले त्याच क्रमाने, फक्त मथुराने म्हटले. दहा वर्षांची, काटकुळी, आईसारखी पुढे आलेली हनुवटी. कसे आठवले, असे तू विचारलेस, तेव्हा ती जमिनीकडे बघत म्हणाली, “एकेक जिन्नस वाटेर ठेवलंय. मगे घराकडसून चलत जातंय नि एकेक उचलतंय.” होडी तिने विहिरीपाशी ठेवली होती, कुर्ली देवळाच्या पायरीवर, वल्हे सुकत घातलेल्या जाळ्यांवर. तू तिला तीन-तीनदा विचारून ते सगळे लिहून घेतलेस. त्या दुपारी तू मला म्हणालीस, ही मुलगी कुठल्या कुठे जाईल.

मग मुले दोन गटांत वाटायची वेळ आली. चोवीस मुले होती. तू चिठ्ठ्या करून आणल्या होत्यास, आणि शाळेच्या अंगणात जमलेल्या आयांसमोर पितळी तांब्यातून त्या काढणार होतीस. गोदूबाई, मथुराची आई, मासळीची पाटी बाजूला ठेवून उभी राहिली. “चिठ्ये लिवल्यान कोणी? तुमीच मां? मगे खंयची खंय जातली ता तुमका ठावक आसताच.” बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. तू मला कानात म्हणालीस, ही माझ्या प्राध्यापकांपेक्षा हुशार आहे, संशय कुठे घ्यायचा ते तिला बरोबर कळते. पण चिठ्ठ्यांना कुणी तयार होईना आणि तुझा चेहरा उतरला. तेव्हा मीच सुचवले की देवीला कौल लावू. गुणाजी गुरव देवीच्या पाषाणाला पाण्याने फुलांचे दोन कळे चिकटवील, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि देवीला विचारील. उजवा आधी पडला तर तांबडी बाटली, डावा पडला तर पांढरी. तू क्षणभर विचार करून म्हणालीस की ओल्या दगडावरचा कळा कधी सुटेल ते कुणाच्याच हातात नाही, म्हणजे चिठ्ठीपेक्षाही बरे. बायाही खूश झाल्या. “देवी खोटा बोलाची नाय,” म्हणाल्या.

तू त्याला योगायोग समजलीस आणि त्यांनी त्याला निवाडा समजला. मला दोन्ही भाषा येत होत्या, सुगंधा. तरी मी ते तुला सांगितले नाही आणि त्यांनाही नाही. तुझे काम अडू नये, एवढेच माझ्या मनात होते.

सोमवारपासून रोज प्रार्थनेनंतर दोन रांगा लागू लागल्या, आणि आठ दिवसांच्या आत बाटल्यांची तांबडी-पांढरी नावे पुसली जाऊन उजवी बाटली आणि डावी बाटली अशी नावे पडली. उजव्या रांगेतली मुले चमचा गिळून छाती काढून चालायची. डाव्या रांगेतली ओठ पुसत खाली बघायची. सुट्टीत “ए डाव्यांनू!” अशी हाक कानावर आली की मी छडी आपटायची, पण हाक थांबली नाही. मथुरा डाव्या रांगेत होती. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी चमचा पुढे केला.

तू महिन्यातून आठ दिवस यायचीस. शब्दांची तोंडी परीक्षा तू घ्यायचीस, पण दर सोमवारी मी एक काम करायचे होते. प्रत्येक मूल मला किती चलाख वाटते, त्याला दहापैकी आकडा द्यायचा आणि पाकीट बंद करून तुला पाठवायचे. तू म्हणाली होतीस, ते नुसते जोडीला हवे. तिसऱ्या आठवड्यात आपण मागीलदारी पेज पीत बसलो होतो. तू सहज बोलून गेलीस, “तांबडीतले औषध संपत आले, आणखी मागवायला हवे.” आणि एकदम जीभ चावून तोंडावर हात ठेवलास. मला शपथ घातलीस की हे कुणाला सांगायचे नाही. मी कुणालाही सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती, देवीने ते वाडीला आधीच सांगून ठेवले होते.

शिमग्यापर्यंत काय झाले ते तुला ठाऊक आहे, तुझ्या वहीत आकडे आहेत. उजवी रांग पुढे गेली, डावी मागे पडली. मथुरा वीसवरून चौदावर आली आणि नंतर नऊवर. नऊ आले त्या दिवशी मी तिला जवळ घेऊन विचारले की वाटेवर ठेवलेले जिन्नस कुठे गेले. ती म्हणाली, “डाव्यांका इतक्या येणा नाय, बाई.” मला समजावल्यासारखी म्हणाली, जणू मलाच ते ठाऊक नव्हते. मे महिन्यात गोदूबाईने तिचे नाव काढले. मी तिच्या घरी गेले, तेव्हा ती खारे बांगडे उन्हात उलटत होती. मला बसायला पाट दिला, चहा दिला. “तुमी रागाव नकात, बाई. तुमी बरा शिकवलास. पण देवीनच डावो दिल्यान, तर मी काय करू? माका म्हावरा कळता, तेकाय म्हावरा कळात.” त्या वेळी माझ्या तोंडात जे शब्द आले होते ते मी चहाबरोबर गिळले. ते कोणते, ते पुढे सांगते. तिसरीपर्यंत जिच्या वहीला मी लाल शाई लावली नव्हती, ती मुलगी चौथीनंतर डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसू लागली. मला बघून ती आजही उभी राहते.

आता माझा संशय.

तू गेल्यावर दोन्ही बाटल्या माझ्या फडताळात राहिल्या होत्या, तळाला चार बोटे शिल्लक. त्या उन्हाळ्यात एकदा फडताळ उघडले तर मुंग्यांच्या दोन रांगा, दोन्ही बुचांशी सारख्याच दाटीने. मी दोन्हींतला एकेक थेंब जिभेवर ठेवला. गूळ आणि ओवा. मग मीच स्वतःला समजावले की चव सारखी ठेवायची हे तर तू आधीच सांगितले होतेस, औषध गुळात लपलेले असेल आणि मुंग्यांना त्याचे काय. एवढ्यावरून मैत्रिणीवर आळ घेऊ नये. पण एकदा मन पोखरायला लागले की ते थांबत नाही. मला आठवू लागले की तू वर्गात मागच्या बाकावर बसायचीस आणि हिरव्या वहीत लिहायचीस. तू मुलांकडे बघतेस असे मला वाटायचे. मुले कधी मान वर करतात आणि तू कधी पेन उचलतेस, हे मी आठवून आठवून जुळवू लागले. मी डाव्या रांगेतल्या मुलाला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता पुढच्याकडे वळले, की तू लिहायचीस. मुलाने नव्हे, मी काही केले की लिहायचीस.

शेवटी मी तुझीच विद्या तुझ्यावर वापरली. सोमवारच्या आकड्यांची कच्ची नोंद माझ्याकडे होती, आणि मुलांच्या तोंडी परीक्षांच्या वेळी मी बाजूला बसून रेघा मारत असे, तो कागदही होता. या मे महिन्यात, शाळा बंद असताना, मी दोन्ही पुढ्यात घेऊन बसले. पहिले दोन आठवडे दोन्ही रांगा सारख्या, माझे आकडेही सारखे. मुलांचे शब्द तर नाताळपर्यंत सारखेच होते. पण माझे आकडे तिसऱ्या सोमवारीच फुटले होते. उजव्यांना सात, आठ. डाव्यांना पाच, चार. म्हणजे तू जीभ चावलीस त्याच आठवड्यात. औषध आधी माझ्या लेखणीत उतरले आणि दीड महिन्याने मुलांच्या डोक्यात. तू म्हणशील, चोवीस मुलांवरून आणि थोड्या आठवड्यांवरून काय ठरते. कौलाचाही हात असेल, वाडीच्या बोलण्याचाही असेल, ते मला वेगळे काढता येत नाही. खरे आहे. पण आणखी एक गोष्ट आहे आणि ती कागदावर नाही. कॉलेजच्या संमेलनात तू मोलकरणीचे काम केले होतेस, आठवते? घरातले गुपित तिच्या तोंडून निसटते आणि ती जीभ चावून तोंडावर हात ठेवते. रोज तालमीत मी पडद्याआडून तुला वाक्ये सांगायची. तोच हात, तीच डावीकडे कललेली मान. मागीलदारी पेज पिताना मी ते ओळखायला हवे होते.

म्हणून मला वाटते की दोन्ही बाटल्यांत एकच पाणी होते. मुलांना काही दिले जात नव्हते, दिले जात होते ते मला. वर्गातली पंचविसावी मुलगी मी होते. तुला नीट वाचता यावे म्हणून हे हळूहळू लिहिते आहे. आपण एका खोलीत दोन वर्षे राहिलो, एका ताटात जेवलो. मला विचारले असतेस तर मी हो म्हटले असते. मग प्रयोग उरला नसता, हेही मला कळते. एवढे मी तुझ्याकडूनच शिकले.

आणि आता ते, जे मी गोदूबाईच्या घरी चहाबरोबर गिळले. कौलाच्या दिवशी चौदा कळे उजवे पडले आणि दहा डावे. तुला दोन्हीकडे बारा हवी होती. तू थकली होतीस, शेवटचे कौल लागायच्या आधीच डोके धरून खोलीत जाऊन पडलीस आणि मी आकडे सांगितल्यावर मला म्हणालीस, उजव्या चौदांतून दोन चिठ्ठ्या न बघता काढ आणि ती नावे डावीकडे घाल. मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. कुठली बाटली खरी ते तेव्हा मला ठाऊक नव्हते, पण वाडीसारखेच मीही उजवे तेच औषध असे धरले आणि बसून विचार केला, की औषध थोडे आहे, ते ज्यांना आठवत नाही त्यांना मिळावे. ज्यांना मुळातच आठवते त्यांना ते काय करायचे? मी शिवाचे नाव डावीकडे लिहिले. आणि मथुराचे. सुगंधा, मथुराला देवीने उजवा कौल दिला होता. तिचे नाव अगदी शेवटाकडे आले, तोवर बाया घरी गेल्या होत्या, गोदूबाई बाजारात होती. देवळात फक्त गुणाजी होता आणि मी. गुणाजी त्यावर कधी बोलला नाही, फक्त गेल्या आठवड्यात मथुराच्या मुंबईला जाण्याची गोष्ट निघाली तेव्हा पायरी झाडता झाडता म्हणाला, “माझा काम कळे लावचा. पडलो खंय, ता तुमच्या डोळ्यांनी बघितलास. मगे चेडू डाव्या रांगेत कसा गेला, ता मी आजून इचारूक नाय.” केरसुणी त्याने थांबवली नाही.

चतुर्थीच्या आत मी गोदूबाईच्या दारात जाणार आहे. देवीने तुझ्या मुलीला हो म्हटले होते, नाही मी म्हटले, हे तिला सांगणार आहे. सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसता येते, दोन वर्षांत मी मथुराची तयारी करून घेईन, माझ्या घरी ठेवून घेईन. पण एवढे ऐकल्यावर गोदूबाई एकच प्रश्न विचारील, ती हुशार आहे. मगे तेचा औषध तुमी दुसऱ्याक दिलास? त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, ते फक्त तुझ्याकडे आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. तुझ्या अक्षरात एक ओळ पाठव, की दोन्ही बाटल्यांत गूळ आणि ओवाच होता. तिला वाचता येत नाही, मथुराला येते, तीच आईला वाचून दाखवील. पण खरे असेल तरच लिही. तांबडीत खरोखर औषध असेल, तर तू निर्दोष आहेस, मी तुझ्यावर साडेतीन वर्षे खोटा आळ घेतला आणि त्या मुलीच्या तोंडातला चमचा मी स्वतःच्या हाताने काढून घेतला. तेही लिही, मी ते घेऊन तिच्या दारात जाईन. इतकी वर्षे तू मला फसवले असशील या विचाराने मी तुझ्यावर रुसून बसले. आज टपालाची गाडी सुटायच्या आत पाकीट चिकटवते आहे आणि देवीसमोर उभी असल्यासारखी एकच गोष्ट मागते आहे. तू मला फसवलेले असू दे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली, अजूनही तुझीच,
विमला